मदत हवी आहे: ३२ बिट लिनक्सवर २ जीबीच्या पुढची फाइल, इंडेक्सचं काय करू?

सी मधला जुना प्रोग्रॅम आहे, डेटा फाइल बरोबर २१४७४८३६४७ बाइट्सला अडली आणि 'फाइल साइज लिमिट एक्सीडेड' म्हणून बंदच पडला. डिस्कची फाइल सिस्टिम ईएक्सटी३ आहे, जागा भरपूर, युलिमिट (सिस्टिमने प्रोग्रॅमला घातलेली मर्यादा) पण अनलिमिटेड. मग _फाइल_ऑफसेट_बिट्स=६४ (फाइलमधली जागा ६४ बिटांत मोजायला लावणारी सेटिंग) देऊन परत कंपाइल केलं, फाइलमधल्या जागेवर जाणारी आणि ती जागा सांगणारी एफसीक-एफटेल फंक्शन्स काढून त्यांच्या मोठ्या फाइलला चालणाऱ्या आवृत्त्या एफसीको-एफटेलो टाकल्या, आता लिहिणं-वाचणं नीट चालतंय. अडलंय ते इंडेक्स फाइलवर, तिच्यात प्रत्येक ऑफसेट (रेकॉर्ड डेटा फाइलमध्ये कितव्या बाइटला सुरू होतो तो आकडा) ४ बाइट्सचा साइन्ड, म्हणजे उणे आकडाही घेणारा आहे, त्यामुळे २ जीबीच्या पुढे जात नाही आणि डिलीट केलेल्या रेकॉर्डला -१ लिहिलेलं आहे. मशीन बदलता येत नाही, त्यात लावलेल्या कार्डाचा ड्रायव्हर ३२ बिटचाच आहे. रेकॉर्ड २५६ बाइट्सचे, सगळे सारखे. तर ऑफसेटऐवजी रेकॉर्ड नंबर ठेवला तर -१ तसाच राहील ना, की सरळ ८ बाइट्सचा नवीन इंडेक्स बनवू?