मदत हवी आहे: बाबा जिना चढतात, पण उंबरठ्यापाशी पाय चिकटतात, असं का?

नमस्कार मंडळी, जरा मोठं झालंय, सांभाळून घ्या.

बाबा ७१ वर्षांचे आहेत, पार्किन्सन्सचं निदान होऊन चार वर्षं झाली. लेव्होडोपा-कार्बिडोपाची गोळी दिवसातून तीनदा चालू आहे, हाताचं थरथरणं बऱ्यापैकी आटोक्यात आलं म्हणून आम्ही निवांत होतो, पण दोनेक महिन्यांपासून हे नवीनच, हॉलमधून व्यवस्थित चालत येतात आणि स्वयंपाकघराच्या उंबरठ्यापाशी आले की पाय फरशीला चिकटल्यासारखे. टाचा उचलल्या जातात, गुडघे थरथरतात, वरचं अंग पुढे जातं आणि पाऊल तिथंच. परवा ओट्याला हात लागला म्हणून वाचले. आणि हाच माणूस गच्चीचा जिना न थांबता चढतो! त्यामुळे आई वैतागते, "गच्चीत जायला बरे पाय चालतात" म्हणते, बाबा खाली मान घालून गप्प. डॉक्टर म्हणाले फ्रीझिंग आहे, होतं असं, आणि पुढचा पेशंट आत. मला एवढंच कळून घ्यायचंय की हे मुद्दाम नाही ना, आणि अडकले की आम्ही नक्की करायचं काय? सध्या मी हात धरून ओढतो.

प्रतिसाद १, चहाबाज:
ओढू नका!! पहिलं ते बंद करा. पाय जागेवर आणि धड पुढे, म्हणजे पडणारच. मी फिजिओ आहे. अडकले की चालायचा प्रयत्न सोडून द्यायला सांगा, आधी नीट उभं राहायचं, एक श्वास, मग वजन डाव्या-उजव्या पायावर झुलवायचं आणि एक मोठं पाऊल टाकायचं. उंबरठ्याच्या अलीकडे फरशीवर आडव्या रंगीत पट्ट्या चिकटवा, त्यांच्या पावलाएवढ्या अंतरावर, आणि पट्टी ओलांडायला सांगा.

प्रतिसाद २, निवांत_मास्तर:
मुद्दाम अजिबात नाही, आईंना हे वाचून दाखवा. आपल्याला वाटतं मेंदू हालचाल सुरू करतो, पण त्याचं निम्मं काम हालचाली अडवून धरायचं आहे. मेंदूत खोलवर बेसल गँग्लिया म्हणून पेशींचे गठ्ठे आहेत, त्यातला ग्लोबस पॅलिडस सोसायटीच्या वॉचमनसारखा गेट कायम बंद ठेवतो, म्हणजे हालचालीचे निरोप पुढे धाडणाऱ्या थॅलॅमस या भागाला सतत दाबून ठेवतो. पाऊल टाकायचं ठरलं की त्याच गठ्ठ्यांमधला दुसरा, स्ट्रायटम, त्या वॉचमनला घटकाभर गप्प करतं, तेवढीच हालचाल बाहेर सुटते, बाकीच्या आतच. डोपामाइन हे मेंदूतलं निरोप पोचवणारं रसायन या गेट उघडणाऱ्या वाटेला जोर देतं आणि अडवणाऱ्या वाटेला ढिलं करतं. पार्किन्सन्समध्ये डोपामाइन बनवणाऱ्या पेशीच मरतात, मग वॉचमन हटता हटत नाही. फ्रीझिंगमागे एवढं एकच कारण नसतं, पण मूळ दुखणं हेच.

जिन्याचं कोडं मात्र झकास आहे. पायरीची कड डोळ्यांना दिसते, पाऊल कुठं टाकायचं ते बाहेरूनच कळतं, तेव्हा मेंदू दुसरी वाट जास्त वापरतो असं मानतात. सपाट फरशीवर सगळं आतूनच सुरू करावं लागतं. वर दिलेल्या पट्ट्यांमागेही हेच आहे.

उलटा प्रकारही असतो. सबथॅलॅमिक न्यूक्लियस नावाचा छोटासा गोळा वॉचमनला चेव देतो. तिथं स्ट्रोक आला तर शरीराच्या विरुद्ध बाजूचा हात-पाय आपोआप भिरकावला जातो, हेमिबॅलिझम म्हणतात त्याला. माणूस ठरवूनही थांबवू शकत नाही, जसं बाबा ठरवूनही सुरू करू शकत नाहीत.

प्रतिसाद ३, वरणभात:
सासऱ्यांचं केलंय पाच वर्षं म्हणून सांगते, वही घाला. गोळी किती वाजता, अडकले किती वाजता. गोळीचा असर उतरल्यावर अडकतात की असर असतानाही, हे पुढच्या वेळी डॉक्टरांना लगेच सांगता येईल, दोन्हीचा उपाय वेगळा असतो. आणि गोळी पनीर, अंडी, दूध असल्या जेवणाबरोबर देत असाल तर विचारून घ्या, प्रोटीन आणि लेव्होडोपाची आतड्यात शिरताना धक्काबुक्की होते. आमच्याकडे जेवणाआधी अर्धा तास द्यायला सांगितलं होतं. डोस मात्र मनानं वाढवू नका हं.

धागाकर्ता:
सगळ्यांचे आभार. गोळी आम्ही सकाळी चक्क दुधाबरोबर देत होतो! फोन करून वेळ बदलून घेतली. निळ्या टेपच्या चार पट्ट्या लावल्या, दहातले सहा-सात वेळा जमतं. बाबा आमच्या भजनी मंडळात टाळ वाजवायचे, म्हणून काल अडकले तेव्हा "ज्ञानबा-तुकाराम" म्हणत ठेका धरला, तिसऱ्या ठेक्याला पाऊल सुटलं. आई पोळ्या लाटत होती, काही बोलली नाही, पण आज सकाळी तिनंच ओट्यावर लाटण्यानं ठेका दिला.

आता एक फुटकळ प्रश्न, पोछा मारला की टेपच्या कडा निघतात आणि त्यातच पाय अडकेल अशी भीती वाटते. शहाबादीवर टिकेल असं काय लावलंय कुणी? ऑइलपेंट चालेल का?