आरोग्य उपक्रमाला बक्षीस ठेवावं का?

प्रश्न: मी एचआरमध्ये आहे. चालण्याच्या उपक्रमात दरवेळी तेच तंदुरुस्त चेहरे दिसतात, रात्रपाळीवाले फिरकतही नाहीत. बक्षीस ठेवलं तर येतील का हो?

उत्तर १: पैसे कसे देता, त्यावर आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात रोज ७००० पावलांचं लक्ष्य होतं. महिन्याची रक्कम आधीच नावावर टाकून चुकलेल्या दिवसाचे पैसे कापले, त्या गटानं लक्ष्य सर्वाधिक वेळा गाठलं.

उत्तर २: पण पहिल्या नंबरालाच बक्षीस नको. गुडघे दुखणाऱ्यानं काय करायचं? त्याच्याच मागच्या आठवड्याशी तुलना करा. आणि तपासणीचे रिपोर्ट साहेबांच्या टेबलावर जाणार नाहीत, हे लेखी द्या.

प्रश्नकर्ती: लेखी हमीचं लगेच मनावर घेते. लोक नेमके तिथेच बिचकतात.