बाळाच्या जिभेवर पांढरा थर, दूध की बुरशी?

चिऊची_आई:
मुलगी दीड महिन्याची आहे, चार दिवस झाले जिभेवर पांढरा थर दिसतोय, आधी वाटलं दूधच असेल म्हणून ओल्या कापडाने पुसलं पण निघेना, आणि काल जांभई दिली तेव्हा गालाच्या आतून पण दह्याच्या कवड्यांसारखे ठिपके दिसले. दूध ओढायला लागते आणि मधेच सोडून रडते. सासूबाई म्हणतायत टाकणखाराची लाही मधात कालवून बोटाने चोळ, त्यांनी दोन्ही मुलांना तेच केलं होतं. डॉक्टरांची वेळ सोमवारची मिळालीय, तोपर्यंत लावू का? आणि पाजताना मला पण खूप आग होते, त्याचा काही संबंध असेल का?

जुळ्यांची_आई:
अगं नको, दोन्ही नको. मध वर्षाच्या आतल्या बाळाला चाटणभरसुद्धा द्यायचा नाही, त्यातून बॉट्युलिझम म्हणजे जंतूंची विषबाधा होऊ शकते आणि ती जिवावर बेतू शकते. टाकणखार म्हणजे बोरॅक्स, एवढ्याशा पोटात ते विषच. सासूबाईंना आत्ता काही बोलू नकोस, डॉक्टरांकडे जाताना त्यांनाच सोबत ने, डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की पटतं, आमच्याकडे तसंच झालं.
दुधाचा थर फक्त जिभेवर असतो आणि पुसला की जातो. गालाला, हिरड्यांना, टाळूला चिकटून बसलेलं असेल तर बहुतेक बुरशीच. आणि खरवडू नकोस गं! मी धाकट्याचं खरवडलं होतं, खाली लालभडक होऊन रक्ताचा थेंब आला, अजून ते आठवलं की कसंतरी होतं.

ओपीडीतली_ताई:
मी लहान मुलांच्या ओपीडीत नर्स आहे. ही कॅन्डिडा नावाची बुरशी, आई किंवा बाळाला अँटिबायोटिक झालं असेल तर जास्त दिसते. डॉक्टर बहुतेक निस्टॅटिनचे थेंब नाहीतर क्लोट्रिमॅझोलचं माउथ पेंट देतात. दूध पाजून झाल्यावर लावायचं म्हणजे औषध तोंडात टिकतं, आणि डाग गेले तरी सांगितलेले दिवस पूर्ण करायचे, इथेच बायका थांबतात आणि पंधरा दिवसांनी परत येतात. घरात कुणाची मायकोनॅझोल नावाची बुरशीवरची जेल पडलेली असेल तर ती मात्र लावू नका, चिकट असते, चार महिन्यांच्या आतल्या बाळाच्या घशात अडकू शकते.
तुमची आग होतेय ना, तेही डॉक्टरांना आवर्जून सांगा. बाळाच्या तोंडातून आईला आणि आईकडून परत बाळाला असं फिरत राहतं, म्हणून उपचार दोघींना एकाच वेळी लागतात. अंगावरचं दूध बंद करू नका. बाटलीचं बूच, चोखणी रोज उकळा.
बाळ दूधच घेत नसेल, लघवी कमी झाली असेल किंवा ताप असेल तर सोमवारची वाट बघू नका, आजच्या आज दाखवा.

नवा_बाबा_पुणे:
लंगोटाची जागा पण बघा. आमच्या मुलाला तिथे लालभडक चट्टा आणि कडेने बारीक पुळ्या होत्या, आम्ही आठवडाभर साधं रॅश क्रीम लावत बसलो, ती पण बुरशीच निघाली.

चिऊची_आई:
ताई, खूप धन्यवाद. मला सिझरनंतर अँटिबायोटिक होतं, हे डोक्यातच आलं नव्हतं. आत्ता लंगोट उघडून बघितला, मांडीच्या घडीत पुळ्या आहेत. ताप नाही, लघवी नेहमीसारखी आहे. सासूबाई सोमवारी सोबत येतायत.