बार्क चिप्स पावसाळ्यात टिकतात का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आम्ही पुण्यात राहतो, घरापुढे साधारण १० बाय ४ फुटाचा वाफा आहे, त्यात जास्वंद, तगर आणि कडेने थोडी लिली लावलीये. उन्हाळ्यात माती इतकी तापते की सकाळी घातलेलं पाणी दुपारपर्यंत गायब, म्हणून आत्तापर्यंत पालापाचोळा आणि उसाचं पाचट घालत आले, त्याने ओल छान टिकते पण वाऱ्याने सगळं अंगणभर होतं आणि सासूबाईंना रोज झाडावं लागतं, ते मला बघवत नाही. नर्सरीत बार्क चिप्स म्हणजे पाइनच्या सालीचे तुकडे बघितले, तपकिरी रंगाचे, दिसायला फारच सुंदर, पण महाग आहेत त्यामुळे आधी विचारतेय.

मुख्य भीती वाळवीची. वाफा घराच्या भिंतीला लागून आहे आणि दाराची चौकट सागवानी, तर भिंतीपासून किती जागा मोकळी सोडायची? थर २-३ इंचाचा घालायचा आणि खोडाला चिकटवायचा नाही एवढं माहितीये, पण जूनपासून जो धो धो पाऊस पडतो त्यात हे तुकडे तरंगून वाहून जातात का? कडेला विटा लावल्या तर थांबतील? आणि शेणखत घालताना दरवेळी सगळं बाजूला करावं लागतं का?

नारळाच्या सोडणाचे तुकडे स्वस्त मिळतायत, ते कोणी वापरलेत का? ज्यांनी एकतरी पावसाळा काढलाय त्यांनी प्लीज सांगा, जमलं तर फोटो पण टाका.