नोल्डेचं आकाश

जर्मन चित्रकार एमिल नोल्डे हा केवळ नाझींचा बळी होता असं म्हटलं जातं, त्यात थोडी भर घालतो. १९३७ साली त्याची हजाराहून अधिक चित्रं जर्मन संग्रहालयांतून जप्त झाली, १९४१ मध्ये व्यवसायबंदी आली, हे खरंच. पण तो स्वतः नाझी पक्षाचा सभासद आणि ज्यूद्वेष्टा होता. २०१९ च्या बर्लिनमधल्या प्रदर्शनात हे कागदपत्रांसकट मांडलं गेलं. मला याचा फार त्रास होतो, कारण उत्तर जर्मनीतल्या झेब्यूलच्या सपाट, पाणथळ मुलखावरचं त्यानं रंगवलेलं आकाश डोळ्यांपुढून हलत नाही. जपानी कागद चिंब भिजवून तो रंग सोडायचा. ते मुरत, पसरत जायचे. ढगाची कड ब्रशपेक्षा पाणीच ठरवायचं.