पित्ताशयाच्या ऑपरेशनआधी सरसकट एमआरसीपी कशाला?

खानापूरकर:
आईचं पित्ताशय काढायचं ठरलंय. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे, पित्तनळी 4 मिमी. काविळीचं बिलिरुबिन 0.7, बाकी एलएफटी (लिव्हरची रक्ततपासणी) पण नॉर्मल. तरी सर्जननी एमआरसीपी, म्हणजे पित्तनळीची एमआरआय, लिहून दिलीय, त्यासाठी बेळगावला जायचं. कावीळ नाही, ताप नाही, नळी फुगलेली नाही. मग कशाला वो? लिहायची सवय लागलीय, दुसरं काय.

निपाणीची सून:
आमच्या मामंजींची सोनोग्राफी पण अशीच स्वच्छ होती. ऑपरेशन करून घरी आले आणि नवव्या दिवशी डोळे पिवळे, लघवी कोऱ्या चहासारखी. नळीत खडा राहिलेला. मग ईआरसीपी करून, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून, काढला. कोल्हापूरच्या खेपा घालून आम्ही बेजार.

खानापूरकर:
ऑपरेशनआधी एलएफटी केली होती?

निपाणीची सून:
केलेली. त्यातलं अल्कलाइन फॉस्फेटेज वाढलं होतं, पित्त अडलं की वाढतं ते. कागद फाईलीत होता, कुणी बघितलाच नाही.

खानापूरकर:
मग दोष सोनोग्राफीचा की न वाचलेल्या कागदाचा?

एक्स-रेवाला, चिकोडी:
थोडा सोनोग्राफीचाही. पित्ताशयातला खडा तिला झकास दिसतो, पण नळीचं खालचं टोक आतड्यातल्या गॅसमागे दडतं. तिथला खडा सहज सुटतो. एमआरसीपीत पित्त पांढरं दिसतं आणि खडा त्यात काळा ठिपका. डाय नाही, रेडिएशन नाही. अगदी बारीक, 5 मिमीच्या आतले खडे तिथंही निसटतात. त्यांना एंडोस्कोपीतून केलेली सोनोग्राफी सरस, पण गुंगी द्यावी लागते.
नळीत खडा असण्याचा धोका किती, यासाठी अमेरिकेतल्या एंडोस्कोपी संघटनेचे 2019 चे निकष असे: नळीत खडा दिसला, नळीला जंतुसंसर्ग झाला, किंवा बिलिरुबिन 4 च्या वर आणि नळीही फुगली, तर थेट ईआरसीपी. एलएफटी बिघडलेली, नळी फुगलेली किंवा वय 55 च्या वर, यातलं एक जरी असलं तरी मधल्या धोक्याचा गट. त्यांची आणखी तपासणी. यातलं काहीच नसेल तर सरळ ऑपरेशन. आईंचं वय?

खानापूरकर:
61.

निपाणीची सून:
झालं की मग!

खानापूरकर:
निव्वळ वयावरून? मग आमच्या गल्लीतल्या निम्म्या बायका मशीनमध्ये जातील.

एक्स-रेवाला, चिकोडी:
एमआरसीपीच पाहिजे असं कुठं म्हटलंय? ऑपरेशन चालू असतानाच नळीत डाय सोडून एक्स-रे काढता येतो. निकषांत तोही आहे. तुमचे सर्जन करतात का ते विचारा.

खानापूरकर:
विचारतो. आई लिफ्टमध्ये सुद्धा पाय ठेवत नाही, त्या बोगद्यात अर्धा तास कशी पडणार?

निपाणीची सून:
विचारा की. एलएफटीचा कागद मात्र स्वतः सर्जनच्या हातात द्या, फाईलीत नको.