फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळातला नकाशा कोणता घ्यावा? (ग्वाल्हेर, बजेट ५००)

लष्करची_आई:
नमस्कार. मुलगी नववीत आहे. शाळेचा प्रकल्प आहे, फ्रेंच राज्यक्रांती आणि शेजारचे देश. १७८९ ते १७९९ च्या सरहद्दी दाखवणारा, भिंतीला लावायचा नकाशा हवाय. पाटणकर बाजार, महाराज बाडा पालथा घातला, सगळीकडे आजचाच युरोप. ५०० च्या आत काय मिळेल?

मुरारकर:
नकाशा नको, मोठा ऐतिहासिक अ‍ॅटलास घ्या. मी २२०० ला घेतला, दोन्ही मुलं त्यावर शिकली. पैसे वसूल.

दौलतगंज७१:
अहो, ५०० म्हणाल्यात त्या. ताई, फ्लेक्स करून घ्या, पण छापण्याआधी स्वतः तपासा. आमच्या भाच्याच्या फ्लेक्सवर दुकानदाराने जर्मनी आणि इटली असे अख्खे देश छापले. तेव्हा हे देश होते कुठे? जर्मन भागात शेकडो संस्थानं होती. पोराचे गुण गेले, माझा राग अजून गेलेला नाही.

निवृत्त_मास्तर:
नकाशा कुठलाही घ्या, पण बॅस्टिलच्या तुरुंगापाशी थांबू नका. शेजाऱ्यांची गोष्ट २० एप्रिल १७९२ ला सुरू होते, फ्रान्सने ऑस्ट्रियाशी युद्ध पुकारलं तेव्हा. २० सप्टेंबरला व्हाल्मीला ऑस्ट्रियाच्या बाजूने आलेली प्रशियाची फौज अडवली, दुसऱ्या दिवशी पॅरिसमध्ये राजेशाही रद्द. जानेवारी १७९३ मध्ये राजाचा शिरच्छेद, फेब्रुवारीत ब्रिटन आणि हॉलंडशीही युद्ध. १७९५ मध्ये हॉलंडचं बटाव्हियन प्रजासत्ताक झालं खरं, पण फ्रान्सने 'मुक्त' केल्याबद्दल १० कोटी गिल्डर (तिथलं नाणं) मोजावे लागले. तिला हे जरूर लिहायला सांगा.

मुरारकर:
मास्तर, नुसती खंडणी काय सांगता? ऱ्हाइनच्या पश्चिम तीरावर सरंजामी देणी आणि चर्चचा दशांश कर गेला, ते तिथल्या शेतकऱ्याच्या बाजूनेही बघा. माझ्या अ‍ॅटलासमध्ये हा सगळा भाग वेगळ्या रंगात आहे.

नवी_सडक:
अ‍ॅटलासच घ्या. फ्लेक्स केलाच तर तपासून घ्या.

शिंदेछावणी:
ग्वाल्हेरची मुलगी आहे, मग फ्रान्सला लागून असलेला सॅव्हॉय प्रांत हवाच! महादजी शिंद्यांच्या कवायती पलटणी उभ्या करणारा डी बॉइन तिथल्या शांबेरीचा. तो इकडे नोकरीत असताना १७९२ मध्ये फ्रेंच फौज त्याच्या गावात शिरली आणि अख्खा सॅव्हॉय फ्रान्सला जोडला गेला.

दौलतगंज७१:
डी बॉइन फ्रेंचच ना?

शिंदेछावणी:
नाही हो. जन्माने सार्डिनियाच्या राजाची प्रजा. त्याच्या जागी आलेला पेराँ फ्रेंच. हा घोळ इथल्या जाणत्या माणसांकडूनही होतो, फार वाईट वाटतं.

लष्करची_आई:
सगळ्यांचे मनापासून आभार. विकत काहीच घेत नाही आहोत. पांढऱ्या चादरीवर १७८९ चा युरोप काढलाय. फ्रान्सने घेतलेला प्रत्येक मुलूख वेगळ्या कापडाचा, शेजारी तारीख. मास्तरकाका, तुमचं वाचून तिने बेल्जियमचं शोधून काढलं. आता वर्गात सगळ्यांसमोर तो तुकडा १७९२ म्हणत टाचणार, १७९३ ला उसवणार, १७९४ ला परत टाचणार, आणि १७९५ ला फ्रान्सला जोडला तेव्हा पक्की शिवण. छापील नकाशात ही ओढाताण दिसली नसती. सॅव्हॉयला आजीच्या इरकलीचा काठ काढून ठेवलाय.

मुरारकर:
तरी अ‍ॅटलास एकदा बघायला या. रविवारी घरीच आहे.